नाव कमी करणे

सरकारी कचेरीतल्या मराठीत माणसाला यादीतून कोणी हाकलत नाही. तेथे त्याचे नाव ‘कमी’ केले जाते. लेक सासरी गेली की शिधापत्रिकेवरून तिचे नाव कमी होते. आईबाप ऊसतोडीला गेले की शाळेच्या पटावरून पोराचे नाव कमी होते. म्हातारा वारला की मतदारयादीतून त्याचे नाव कमी होते, आणि सातबाऱ्यावरूनही होते. फक्त तेथे जरा उशिरा, कधी कधी दोन पिढ्या उशिरा. ‘कमी’ हा शब्द इतका सौम्य आहे की त्याने कोणी दुखावले जात असेल असे वाटतच नाही. आमटीत मीठ कमी, विहिरीला पाणी कमी, तसे यादीत एक नाव कमी. दहातून एक गेला, नऊ राहिले. पहिलीतल्या पोरालाही हे येते.

पण तो एक कोणता, तो गेला कुठे, आणि उरलेले नऊ आता कोठे बसले, या तीन प्रश्नांबाबत वजाबाकी गप्प असते. नीतीचा विचार तेथूनच सुरू होतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय काहीसा रुक्ष वाटेल. परंतु सणावारालाच घरातली माणसे मोजली जातात, ताटे मांडली जातात आणि कोण आले नाही हे ध्यानात येते. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

या विचाराला तोंड फुटले ते माझ्या भाचीमुळे. ती पुण्यास संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम करते. जावास्क्रिप्ट नावाची एक भाषा ती वापरते. ही भाषा बोलायची नव्हे, यंत्राला हुकूम देण्याची. ब्रेंडन आइक नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९९५ साली नेटस्केप कंपनीत असताना तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला. आज आपण मोबाइलवर बसचे तिकीट काढतो, विजेचे बिल भरतो, त्यांतल्या कितीतरी पडद्यांमागे हीच भाषा राबत असते. तिच्यात यादीला ‘अ‍ॅरे’ म्हणतात. मी आपली त्याला ‘ओळ’ म्हणते. ओळीतल्या प्रत्येकाला क्रमांक असतो. मात्र मोजणी एकापासून होत नाही, शून्यापासून होते. आमच्या शाळेत असे मोजले असते तर पहिल्या बाकावरच्या पोराने रडून घर गाठले असते.

मी जन्मभर हदगावात शिक्षिका होते. याद्या लिहिणे आणि त्यांतून नावे खोडणे हे माझ्या हातवळणाचे काम. म्हणून मी तिला सहज विचारले, “या ओळीतून एक नाव काढायचं असलं तर तू काय करतेस?” एका शब्दाचे उत्तर येईल अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, “आत्या, ते कशासाठी काढायचंय त्यावर आहे.” आणि मग तिने मला चार रीती सांगितल्या. त्या ऐकताना मला यंत्र कमी दिसत होते आणि माणसेच अधिक दिसत होती.

पहिली रीत ‘डिलीट’. हिने नाव पुसले जाते, पण जागा तशीच राहते. पाच नावांच्या ओळीतले मधले नाव असे पुसले आणि यंत्राला विचारले की ओळ किती लांबीची, तर ते पाचच सांगते. मध्ये एक भोक राहते; चौथा चौथ्याच जागी, पाचवा पाचव्याच. दुसरी रीत ‘स्प्लाइस’. हिने नाव निघते आणि त्याच्या मागचे सारे एकेक पाऊल पुढे सरकतात. पाचांची ओळ चारांची होते आणि मध्ये कोणी होते याची खूणही उरत नाही. मात्र या रीतीत एक सभ्यपणा आहे: जे नाव काढले, ते यंत्र वेगळ्या ओळीत घालून काढणाऱ्याच्या हातात परत देते. ‘हे पाहा, तुम्ही यांना काढलेत,’ असे जणू सांगते. तिसरी रीत ‘फिल्टर’, म्हणजे चाळणी. ही जुन्या ओळीला हातच लावीत नाही. एक कसोटी ठरवायची. तिला उतरतील ती नावे नव्या ओळीत उतरवायची. जुनी ओळ जिथल्या तिथे. २००९ साली या भाषेचे जे सुधारलेले प्रमाण ठरले त्यात ही रीत आली. चौथी रीत सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत भयंकर: ओळीची लांबीच शून्य आहे असे लिहून टाकायचे. एका फटक्यात सगळे नाहीसे. तीच ओळ प्रोग्रॅममधल्या आणखी कोणाच्या हाती असली, तर त्याच्याही हातात रिकामी ओळ येते आणि का ते त्याला कळत नाही.

“मग यांतली बरोबर कोणती?” मी विचारले.

“सगळ्याच. आणि सगळ्याच चूक,” ती म्हणाली आणि चहा करायला उठली.

तिच्या त्या उत्तरावर मी बराच विचार केला, आणि मला आमच्याकडचे दोन शब्द आठवले: रांग आणि पंगत. दोन्हींत माणसे एकामागे एक किंवा एकाशेजारी एक असतात; पण दोन्हींचा धर्म निराळा. नांदेडहून मुंबईला जाणाऱ्या गाडीच्या प्रतीक्षायादीत एकाने तिकीट रद्द केले, तर मागच्या प्रत्येकाने एक क्रमांक पुढे सरकले पाहिजे. तेथे गेलेल्याची जागा रिकामी ठेवणे हा मागच्यांवर अन्याय होईल. रांगेत माणसाला स्वतःची जागा नसतेच. जागा असते ती खिडकीपासूनच्या अंतराची. पंगतीत तसे नाही. लग्नाच्या पंगतीतून एखादा मध्येच उठला, तर त्याचे पान तसेच राहते. शेजारचा त्याच्या पानावर सरकून बसत नाही. सारेच एकेक पान सरकले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दुसऱ्याचे अर्धे उष्टे पान यायचे! पंगतीत पान त्या माणसाचे असते. तो उठला तरी ते त्याचेच.

आमच्या शाळेत दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदत. हजेरीपटावरचे क्रमांक दर जूनला नव्याने पडत. गेल्या वर्षी सतरावा असलेला मुलगा यंदा पंधरावा होई, आणि त्यात कोणाला काही वाटत नसे. पण ज्या मोठ्या नोंदवहीला आमच्याकडे ‘प्रवेश निर्गम’ म्हणतात, तिच्यातला क्रमांक एकदा ज्याचा तो कायमचा त्याचा. मुलगा शाळा सोडून गेला की शेवटच्या रकान्यात तारीख आणि कारण लिहायचे. क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. पन्नास वर्षांनी एखादा आजोबा वयाचा दाखला मागायला येतो तेव्हा त्याचे नाव आपल्या जागी बसलेले सापडते. हजेरीपट ही रांग होती. प्रवेश निर्गम ही पंगत. दोन्ही वह्या एकाच कपाटात होत्या आणि एकीचा नियम दुसरीला लावला असता तर दोन्ही निकामी झाल्या असत्या.

ज्या पंचांगावरून आपण ही दिवाळी करतो, त्यानेही हे फार पूर्वी ओळखले आहे. एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपते आणि तिच्या वाट्याला सूर्योदय येतच नाही. तिला आपण क्षयतिथी म्हणतो. द्वितीयेचा क्षय झाला, तर प्रतिपदेच्या दुसऱ्या दिवशी तृतीया येते. नाव गळाले म्हणून कोणी तृतीयेला ओढून द्वितीया करीत नाही, कारण तिथीचे नाते चंद्रसूर्यांमधल्या अंतराशी आहे, दिवसांच्या क्रमाशी नाही. युरोपात १५८२ साली पोप ग्रेगरीने पंचांग सुधारले तेव्हा ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. दहा तारखा गेल्या. पण वार मात्र तुटला नाही: गुरुवारनंतर शुक्रवारच आला. तारखांत भोक पडले आणि वारांची माळ अखंड राहिली.

तेव्हा भोक ठेवावे की बुजवावे, याचे उत्तर काढणाऱ्याच्या सोयीत शोधू नये. उरलेल्यांचे आपल्या जागेशी नाते काय, हे आधी पाहावे. येथवर प्रश्न बुद्धीचा होता. याच्या पुढे तो काळजाचा होतो.

भाचीने मला नवशिक्यांच्या दोन चुका सांगितल्या. त्यांतली पहिली अशी. एखादे नाव ओळीत कितव्या जागी आहे ते यंत्राला विचारता येते. नाव सापडले तर ते क्रमांक सांगते. नाही सापडले तर ‘उणे एक’ असे उत्तर देते. उणे एक म्हणजे येथे ‘नाही’. पण स्प्लाइसच्या बोलीत उणे एक म्हणजे ‘शेवटून पहिला’. नवशिका ते उत्तर न पाहताच पुढे ढकलतो, आणि ज्याला शोधत होतो तो ओळीत नव्हताच, तरी ओळीच्या टोकाचा एक निरपराध नाहीसा होतो. यंत्र तक्रार करीत नाही. त्याच्या हिशेबी एक काढायला सांगितला, एक काढला.

हे ऐकून मी हसले नाही. शेवटी उभा असलेल्याची ही गत आपण सर्वांनी पाहिलेली आहे. मोजणीत काही जुळेना, की ज्याच्यामागे कोणी नाही त्याचे नाव सहज निघते. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यात लाल बिहारी नावाचे एक शेतकरी आहेत. १९७६ च्या सुमारास ते कर्जासाठी कचेरीत गेले, तेव्हा त्यांना कळले की महसुली कागदांत आपण मयत आहोत आणि जमीन नातेवाइकांच्या नावे झाली आहे. हाडामांसाचा माणूस समोर उभा आहे आणि कागद म्हणतो, तो नाही! आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्यांना १९९४ साल उजाडले. तोवर त्यांनी आपल्या नावापुढे ‘मृतक’ असे लावून घेतले होते आणि आपल्यासारख्या इतर जिवंत मृतांचा एक संघही उभा केला होता. ही गोष्ट पुष्कळांनी विनोद म्हणून सांगितली आहे. मला तिच्यात विनोदापेक्षा एक नियम दिसतो: काढण्याआधी, जो निघतो आहे तो तोच आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. शोधणाऱ्याचा कंटाळा हा टोकाच्या माणसाचा मृत्यू होऊ शकतो.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. समजा, ओळीतली अनेक नावे काढायची आहेत आणि काढणारा पहिल्यापासून पुढे चालला आहे. तिसऱ्याला काढले की चौथा तिसऱ्याच्या जागी सरकतो. पण काढणारा आपला चौथ्या जागेकडे निघतो. सरकून आलेला माणूस त्याने पाहिलाच नाही. तो राहून गेला. बरा असो की वाईट, त्याची तपासणीच झाली नाही. यावर जाणत्यांचा उपाय साधा आहे: अशी कामे मागून पुढे करावीत, शेवटच्यापासून सुरुवात करावी. मला ही युक्ती गणिताहून मोठी वाटली. आपण काही काढतो तेव्हा जमीन आपल्याच पायाखाली हलते, हे जो विसरतो त्याच्या हातून कोणीतरी न पाहिलेला राहतो. आणि शेवटच्यापासून सुरुवात करावी, हे तर आपल्याकडे थोरामोठ्यांनी वेगळ्या अर्थाने कितीदा सांगितले आहे.

चाळणीच्या रीतीविषयी मात्र माझे मन द्विधा आहे. तिच्यात हिंसा नाही असे वाटते. जुनी यादी शाबूत, नवी वेगळी. कोणाच्याच नावावर काट मारली नाही. पण स्प्लाइस काढलेले नाव हातात ठेवते. चाळणी तसे काही करीत नाही. तिच्यातून न उतरलेल्यांची यादी मुद्दाम मागितली तरच होते. २०२५ साली बिहारमध्ये मतदारयाद्यांची विशेष सखोल पुनरीक्षणाची मोहीम झाली. १ ऑगस्टला जी प्रारूप यादी निघाली तीत आधीच्या यादीतली सुमारे ६५ लाख नावे नव्हती. त्यांत मृत होते, गाव सोडून गेलेले होते, दोनदा नोंदलेले होते, असे निवडणूक आयोगाचे सांगणे होते. वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वादाच्या राजकारणात शिरण्याचे मला कारण नाही. न्यायालयाने १४ ऑगस्टला जो अंतरिम आदेश दिला, त्यातली एकच गोष्ट मला येथे सांगायची आहे: जी नावे आली नाहीत त्यांची यादी कारणांसह जाहीर करा, असे त्यात म्हटले होते. म्हणजे चाळणीने जे सांगितले नव्हते ते सांगायला लावले. ज्याचे नाव गेले त्याला ते गेल्याचे कळणे, आणि का गेले ते कळणे, हा त्याचा अगदी शेवटचा आणि अगदी किमान हक्क आहे. मेलेल्याला तो लागत नाही, हे खरे. पण जिवंत असून मेल्यात गणलेल्याला त्याच्याइतके दुसरे काही लागत नाही.

आता वाचक म्हणतील, बाई, तुम्ही तर काढण्याच्याच विरुद्ध बोलू लागलात. तसे नाही. काढणे हाच न्याय असतो अशा याद्याही आहेत. इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा करून काही जमातीच्या जमाती ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केल्या. त्या यादीत नाव असलेल्या घरात जे मूल जन्मले ते जन्मतःच संशयित. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना, आणि पुष्कळांना तारेच्या कुंपणातल्या वसाहती. सोलापूरची सेटलमेंट आपल्याकडे प्रसिद्धच आहे. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला. यादीतून सुटले ते ‘विमुक्त’. यादीतून नाव निघाले हेच ज्यांचे नाव झाले, असे दुसरे लोक मला ठाऊक नाहीत. आजही कित्येक ठिकाणी ३१ ऑगस्ट हा त्यांचा मुक्तिदिन म्हणून साजरा होतो.

पण त्यांची कहाणी तेथे संपली नाही. नाव पुसले गेले आणि जागा राहिली. यादी रद्द झाली तरी गावात चोरी झाली की पहिली धाड त्याच पालांवर पडे. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तो जमातीसाठी नव्हता, व्यक्तीसाठी होता. परंतु जुन्या सवयीच्या डोळ्यांना फरक दिसायला वेळ लागतो. ओळीतले भोक यंत्राला रिकामे दिसते. माणसाला ते रिकामे दिसत नाही. त्यात कोण होते ते तो विसरत नाही. म्हणून कलंकाच्या यादीतून कोणाला काढायचे असेल तर नुसते पुसून भागत नाही. शेजाऱ्यांनी सरकून जवळ बसावे लागते. तेथे पंगतीचा नियम उपयोगाचा नाही. तेथे भोक बुजवणे हाच धर्म.

आता घरचे सांगते. माझे माहेर पैनगंगेच्या पलीकडे, उमरखेडच्या बाजूला. एके काळी ही नदी दोन राज्यांमधली सीमा होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद, पलीकडे वऱ्हाड. १९५६ साली दोन्ही काठ एकाच मुंबई राज्यात आले, आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहेत. पलीकडच्या त्या काळ्या रानात वडिलांचे शेत आहे. वडील जाऊन पुष्कळ वर्षे झाली, तरी सातबाऱ्यावर त्यांचेच नाव होते. हे आमच्याच घरी होते असे नाही. मयतांच्या नावावरच्या जमिनी इतक्या साठल्या होत्या की सरकारने २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली; आधी बुलढाणा जिल्ह्यात, मग १ एप्रिलपासून राज्यभर. मयताचे नाव कमी करायचे, वारसांची लावायची. त्या मोहिमेत आमचीही नावे लागली: भावाचे, बहिणीचे आणि माझे.

सातबाऱ्याची रीत मला नेहमीच आवडत आली आहे. तेथे गेलेल्याचे नाव खरवडून काढीत नाहीत. त्याला कंस घालतात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. नव्या नमुन्यात कंसातल्या नावावर आडवी रेघही येते, पण नाव वाचता येते. कोण होता, कोणत्या फेरफाराने गेला, त्याच्या जागी कोण आले, हे तो क्रमांक धरून शोधता येते. फेरफार मंजूर होण्याआधी संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. डिलीट, स्प्लाइस आणि चाळणी यांच्यातला चांगुलपणा निवडून कोणी एक रीत बनवावी, तशी ही आहे. जुन्या जमाबंदीच्या कारकुनांना माझा नमस्कार.

वारसांची नावे लागली आणि थोड्या दिवसांनी भावाचा फोन आला. “ताई, तुमच्या दोघींची हक्कसोड करून घ्यावी म्हणतो.” त्याचा स्वर वाईट नव्हता. त्याची अडचणही खोटी नव्हती. पीककर्जाला तीन सह्या लागतात. एक बहीण दूर, एक नदीपलीकडे. शेत तो कसतो. आईचे शेवटचे आजारपण त्यानेच काढले. दर भाऊबीजेला तो साडी घेतो आणि ती त्याच्या ऐपतीपेक्षा जड असते. आमच्या भागात हजारो बहिणींनी अशा फोननंतर निबंधकाच्या कचेरीत जाऊन सह्या केल्या आहेत, अंगठे उमटवले आहेत. त्यांतल्या पुष्कळींनी ते प्रेमाने केले. पुष्कळींनी माहेरचा दरवाजा बंद होऊ नये म्हणून केले. कागदावर दोन्ही सह्या सारख्याच दिसतात.

हक्कसोड म्हणजे शुद्ध स्प्लाइस. बहिणीचे नाव निघते आणि उरलेल्यांचे हिस्से सरकून मोठे होतात. मी स्वतःला विचारले: आईबापांचा वारसा ही रांग आहे की पंगत? रांग असेल, तर नांगराच्या जवळ जो उभा आहे तो पुढे. सासरी गेलेली मागे. तिने बाजूला होणे हेच रास्त. आपल्या बापजाद्यांनी तो रांगच मानला होता. पण कायद्याने तो आता पंगत मानला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली तसा बदल केला, त्याला लग्न झालेल्या मुलींपुरती मर्यादा होती. २००५ साली देशभराच्या कायद्याने ती काढली. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, तो बदल झाला त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत. म्हणजे पान जन्माबरोबर मांडले जाते. मी थोडे जेवेन, मुळीच जेवणार नाही, माझ्या पानातले भावाच्या पानात वाढीन. पण वाढायला पान माझे असावे लागते. जे कधी माझे म्हणून मोजलेच गेले नाही, ते मी दिले असे कसे म्हणावे? दानाला आधी मालकी लागते. नाव लागल्या लागल्या ते कमी करणे याला दान म्हणत नाहीत. त्याला नोंदीतली दुरुस्ती म्हणतात. आणि दुरुस्ती तर चुकीची करायची असते. माझे त्या घरात जन्मणे ही चूक होती काय?

मी भावाला एवढेच म्हटले, “दादा, शेत तूच कस, उत्पन्न तूच खा. कर्जाला सही लागेल तेव्हा मी पहिल्या एस.टी.ने येईन. पण नाव राहू दे.” तो गप्प राहिला. मग मी आणखी एक वाक्य बोलले: “उद्या तुझ्या लेकीचंही नाव असंच कमी करायचं म्हणतोस का?” त्याची लेक म्हणजे हीच, पुण्याला ओळी सांभाळणारी. त्यावर तो अजून काही बोललेला नाही. हक्कसोड झालेली नाही आणि अबोलाही धरलेला नाही. यंदाच्या भाऊबीजेला मी जाणार आहे, आणि साडी जरा हलकी निघाली तर मला आनंदच होईल.

माझ्या भावासारख्यांची अडचण मी हलकी समजत नाही. तीन सह्यांच्या कर्जात पेरणी लांबते, आणि मृग कोणाच्या सहीसाठी थांबत नाही. ज्या बहिणीने विचार करून, कोणी न दटावता आपले पान भावाच्या पुढे सरकवले, तिच्याइतके मोठे मन माझ्यापाशी नसेलही. पण तिला आधी विचारले गेले असले पाहिजे, आणि ‘नाही’ म्हणण्याची जागा तिला असली पाहिजे. जेथे ‘नाही’ म्हणता येत नाही तेथे ‘हो’ला मोल उरत नाही.

इतका सगळा विचार करून हाती काय आले, असे कोणी विचारील. फार मोठे काही नाही. गृहिणीला, कारकुनाला, तलाठ्याला आणि माझ्या भाचीला सारखेच उपयोगी पडावे असे चार शब्द. काढण्यापूर्वी, ही रांग आहे की पंगत, ते ओळखावे. जो निघतो आहे तो तोच ना, हे पाहावे; सापडला नाही तर थांबावे, शेवटच्यावर हात टाकू नये. ज्याला काढले त्याला सांगावे, आणि काय निघाले ते एकदा आपल्या हातात घेऊन पाहावे. आणि जुन्या यादीवर शून्य लिहू नये, कारण ती आणखी कोणाच्या तरी हातात असते. आजोबांनी खोडलेले नाव नातू वाचायला येतो; त्याला कंस सापडावा, कोरा कागद सापडू नये.

वजाबाकी शिकवताना मी मुलांना ‘हातचा घ्या’ असे सांगत असे. वरचा आकडा पुरला नाही की शेजारच्या घरातून एक उसना घ्यायचा. त्या उसन्यामुळेच शेजारच्या घरातला आकडा बदलतो, आणि पोरे नेमकी तेथे चुकत. कमी करायचे असते एका जागी. पण परिणाम शेजारी होतो. गणितात तो विसरला तर एक गुण जातो. माणसांच्या यादीत विसरला तर एक माणूस जातो, आणि ते कळायला कधी कधी अठरा वर्षे लागतात.